उस्तादांच्या मटक्यातलं खमीर

करुणाताईंचं बन्सीकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्याच्या रुमालामुळे.

वल्हांडणाच्या सणाची संध्याकाळ होती. गारखेड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत पंधरा-सोळा माणसं दाटीवाटीनं बसली होती. वडीलधाऱ्या काकासाहेबांनी बेखमीर, म्हणजे न आंबवलेल्या, भाकरीचे तुकडे मोडून ताटली पुढं सरकवली आणि ती हातोहात फिरत दारापाशी बसलेल्या एका हडकुळ्या माणसाकडे आली. त्यानं खिशातून धुतलेला पांढरा रुमाल काढला, तळहातावर पसरला, आणि रुमालातच तुकडा उचलला.

करुणाताई पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. त्यांना वाटलं, माणसाला नायट्याबियट्याचा त्रास असावा. जेवणं झाल्यावर त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"भाऊ, हाताला काही झालंय का? माझ्याकडे मलम आहे."

"नाय ताई, हात चांगले हायेत," तो ओशाळून म्हणाला. "मी नानवाला हाय. दिवसभर खमिरात हात असतो. साबण लावला, लिंबू चोळलं, तरी नखात ऱ्हातंच थोडं. आज घरात खमीर नको म्हणले ना काकासाहेब?"

करुणाताईंनी त्या सणाआधी सगळं घर धुऊन काढलं होतं. ब्रेडचा चुरा नको म्हणून गाद्यासुद्धा झटकल्या होत्या. नखांचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. तेव्हापासून त्या या माणसाकडे जरा आदरानं बघू लागल्या.

ही मंडळी लहानशी आहे. येशू हाच इस्राएलाला कबूल केलेला मसीहा, असं मानणारी सात-आठ कुटुंबं. येशूनं स्वतः जे सण पाळले ते आपणही पाळावेत, एवढंच त्यांचं वेगळेपण. शुक्रवारी दिवेलागणीला शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, धरतात, आणि चैत्राच्या आसपास वल्हांडण करतात. शेजारी त्यांना सरळ ख्रिस्ती म्हणतात, ख्रिस्ती नातलग 'तुम्ही आता यहुदी झालात' म्हणून चिडवतात. काकासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. वडीलकीचा मान त्यांचा. ते म्हणतात, "आपण रायवळ फांदी. कलम करून चांगल्या झाडावर बसवलेली. झाड आपलं नाही, पण रस त्याचाच पितो."

बन्सीला मंडळीत आणलं ते काकासाहेबांनीच, आणि तेही नान घेता घेता. शहागंजच्या मागच्या गल्लीत गफूर उस्तादांची भट्टी होती. फुलंब्रीकडच्या खेड्यातून सोळाव्या वर्षी आलेला बन्सी तिथंच शिकला आणि तिथंच पन्नाशीला पोचला. काकासाहेब कुणाच्या तरी बारशाचे नान घ्यायला गेले असताना बोलता बोलता म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मात्र नको. आम्ही सात दिवस खमीर खात नाही."

"खमिराबिगर?" बन्सी हसला. "मग आमी काय करावं, भीक मागावी?"

काकासाहेबांनी उभ्या उभ्या गोष्ट सांगितली. मिसर देशातली गुलामी, फारोची मुजोरी. कोकऱ्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावलेली घरं, आणि त्या घरांना ओलांडून गेलेला मृत्यू, म्हणून सणाचं नाव वल्हांडण. ही गोष्ट बन्सीला अर्धीअधिक माहीत होती, कारण मूसा आणि फिरऔनची, म्हणजे याच फारोची, हकीकत उस्ताद भट्टी तापेपर्यंत रंगवून सांगत. पण पुढचा भाग नवा होता. त्या रात्री बायकांनी मळलेली कणीक तशीच, न फुगलेली, कापडात बांधून खांद्यावर टाकली आणि त्या चालू लागल्या.

बन्सीचा हात थांबला. "म्हंजे, फुगायची वाटच नाय पाहिली?"

"सुटायची वेळ झाली होती ना. थांबून कसं चालेल?"

"लई घाई असंल," बन्सी म्हणाला. त्याच्यासारख्या माणसाला त्या घाईचा अर्थ आतून कळला. पीठ फुगायच्या आधी निघणं म्हणजे काय, हे नानवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या शुक्रवारी तो सभेला आला. वर्षभरानं त्याची बायको भामाबाई आली. ती अजून सांगते, "मला वाटलं, दर शुक्रवारी हा मानूस पिऊन येतो. बघाया आले, तर हे द्राक्षाचा रस घेऊन गाणी म्हणत बसलेले!"

दुसऱ्या वर्षापासून सणाची भाकर बन्सीच करू लागला. करुणाताईंच्या ओट्यावर, नव्या तव्यावर, कोऱ्या पिठाची. पातळ लाटून तो तिला काट्यानं भोकं पाडी, म्हणजे ती फुगत नाही. तव्यावर तिला भाजल्याचे काळे वळ उठत. पहिल्याच वेळी काकासाहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले होते, "बन्सी, ही भाकर नीट बघ. हिच्यात खमीर नाही, म्हणजे पाप नाही. हिला भोकं आहेत आणि वळ आहेत. खिळे आणि फटके. आपल्या मसीहाचीच खूण आहे ही. तो आपला वल्हांडणाचा कोकरा. एकदाच कापला गेला, म्हणून आपण आता कोकरू कापत नाही, ताटात नुसतं हाड ठेवतो."

त्यानंतरची भोकं बन्सीनं फार हळू पाडली, हे करुणाताईंनी पाहिलं.

बरीच वर्षं सगळं सुरळीत चाललं. सणाचे सात दिवस बन्सी सुट्टी घेई. उस्ताद करवादत, "सात दिन तेरे खुदा के, ठीक है. मेरे खमीर कू कौन देखेगा, तेरा फिरऔन?" आणि मग स्वतःच लुंगी खोचून मटक्याशी बसत. त्या मटक्यातलं खमीर उस्तादांच्या वडिलांपासूनचं होतं. रोज थोडं काढायचं, नव्या कणकेत मिसळायचं, उरलेल्याला सकाळ-संध्याकाळ पीठ-पाणी घालायचं. "भूका नक्को रख उसकू, वो भी जान है," असा उस्तादांचा दंडक होता.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात उस्ताद गेले. त्यांच्या मुलांना भट्टीत रस नव्हता. जायच्या महिनाभर आधी उस्तादांनी बन्सीला घरी बोलावून मटका त्याच्या मांडीवर ठेवला. "तेरे कू दिया," एवढंच म्हणाले. भट्टी बन्सीनं चालवायला घेतली.

आणि पुढचा वल्हांडण जवळ आला, तसा बन्सी वाळू लागला.

सणाला आठवडा असताना तो करुणाताईंकडे आला. काकासाहेब पेपर वाचत तिथंच बसले होते.

"काकासाहेब, आजवर खमीर उस्तादाचं व्हतं. आता माझं हाय. माझ्या भट्टीत हाय. त्याचं काय करू?"

काकासाहेबांनी चष्मा काढला. "हे बघ, नियम म्हणून तुझ्या मानेवर जू ठेवायला मी बसलेलो नाही. मसीहानं आपल्याला सोडवलंय ते पुन्हा अडकवायला नाही. ठेवलंस तर मंडळीत कुणी ब्र काढणार नाही."

"आणि टाकलं तर?"

"तर टाकलं. पण एवढ्या वर्षांचं आहे, नीट विचार कर."

"नव्यानं होत नाही का?" करुणाताईंनी विचारलं.

"हुतं ना. पीठ, पाणी, थोडं दही. पाच-सा दिवसांत जीव धरतं. पर ते उस्तादाचं नसंल." बन्सी उठला. दारात थांबून म्हणाला, "माझी माय गेली तवा मी खमिराला पीठ घालीत व्हतो, ताई. सकाळीच निरोप आला, लई वाईट हाय म्हणून. उस्ताद बाहेरगावी व्हते. म्हणलं, सांजचं पीठ घालून निघू. फुलंब्री काय लांब हाय? तासाभराची वाट. पोचलो तवा तिला भुईवर घेतलेलं व्हतं."

हे त्यानं पहिल्यांदाच सांगितलं. एवढी वर्षं ओळख असून करुणाताईंना ते ठाऊक नव्हतं. स्वतःच्या लेकीच्या लग्नातही तो हळदीला नव्हता, थेट अक्षतांना आला, हे मात्र त्यांना आठवलं. त्याची बहीण आवडाबाई, तिच्या घरी तो कधी एक रात्रही राहिला नव्हता. आता ही सगळी दुखणी त्या मातीच्या मटक्याशी येऊन थांबत होती.

दोन दिवसांनी निरोप आला. बन्सीनं ठरवलं होतं. सणाच्या दिवशी सकाळी सगळं खमीर भट्टीत जाळायचं.

करुणाताईंना हे पटलं आणि पटलंही नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जिवंत काही हातचं सहज जाऊ दिलं नव्हतं. सणाच्या आदल्या दिवशी दुपारी त्या भामाबाईला भट्टी आवरायला मदत करायला म्हणून गेल्या. पिशवीत एका स्टीलच्या डब्यात कडुनिंबाचा पाला होता, सणाच्या ताटात कडू काही लागतं म्हणून वाटेत तोडलेला. बन्सी भट्टीत डोकं घालून राख काढत होता. भामाबाई मागच्या नळावर परात घासत होती. कोपऱ्यात मटका होता. त्यावरची ताटली करुणाताईंनी उचलली. आत बुडबुडे येत होते, फुटत होते. आंबट, गोडसर वास आला.

त्यांनी पाला पिशवीत ओतला, डब्यात मूठभर खमीर घेतलं आणि झाकण लावलं. आठ दिवसांनी याच्या हातात ठेवू, किती खूष होईल, असा हिशोब करत त्या रिक्षात बसल्या. डबा त्यांनी फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे ठेवला.

हा डबा आपल्याच घरात आहे, आणि वल्हांडण उद्या आपल्याच घरात आहे, हे त्यांच्या ध्यानात आलंच नाही. ते आलं संध्याकाळी.

आदल्या संध्याकाळी घरात खमीर शोधायची रीत आहे. दिवे मालवतात, मेणबत्ती घेतात, आणि मुलं मोरपिसानं कानाकोपरे झाडतात. मुलांचा हिरमोड होऊ नये म्हणून पावाचे दहा तुकडे मुद्दाम लपवलेले असतात. काकासाहेबांची नात श्रेया पुढं, तिच्यामागं काकासाहेब मेणबत्ती धरून, आणि बाकीचे गर्दी करून.

"खिडकीत एक! टीव्हीमागं एक! आजोबा, मेण सांडतंय तुमचं!"

दहाही तुकडे सापडले. काकासाहेबांनी ते कागदात गुंडाळले. मग घराच्या मालकानं म्हणायचं असतं, की या घरात मला ठाऊक असलेलं आणि नसलेलं जे काही खमीर असेल, ते आता धुळीसारखं आहे, माझं नाही.

"म्हणा करुणाबाई," काकासाहेब म्हणाले.

"या घरात मला ठाऊक असलेलं," करुणाताईंनी सुरुवात केली आणि त्यांची जीभ अडखळली. सगळे बघू लागले. बन्सी दारापाशी उभा होता.

"काय झालं? दरवर्षी तर घडाघडा म्हणता," भामाबाई म्हणाली.

"एक राहिलंय," करुणाताई म्हणाल्या.

"नाही, दहा झाले! मी मोजले," श्रेया म्हणाली.

करुणाताईंनी फ्रीज उघडून बरणी बाजूला केली. थंडीतसुद्धा खमिरानं आपलं काम थांबवलं नव्हतं, डब्याचं झाकण एका बाजूनं उचललं गेलं होतं. तो डबा त्यांनी बन्सीपुढं धरला. "मी दुपारी घेतलं, तुम्ही आत वाकला होतात तेव्हा. तुमच्यासाठीच ठेवलं होतं, भाऊ. चुकलं माझं."

श्रेया मोठ्यांदा म्हणाली, "करुणाआजी, तुम्ही खमीर चोरलं? वल्हांडणाला?" आणि जो हशा पिकला त्यात काकासाहेबांच्या हातातली मेणबत्ती विझली. भामाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "दवाखान्यातली बाई हाय. मेलेल्यालाबी सलाईन लावंल."

बन्सी हसला नाही. त्यानं डबा नाकाशी नेला.

काकासाहेब त्याच्याजवळ गेले. "बन्सी, हे असंही बघता येईल. हे आता तुझं नाही. यांनी नेलेलं. कुणा शेजाऱ्याकडे सात दिवस ठेवू. सण झाला की घे. तुझा शब्दही राहिला आणि उस्तादांचं खमीरही."

करुणाताईंनी मनोमन प्रार्थना केली, की त्यानं हो म्हणावं.

"आजची रात या घराबाहेर गॅलरीत राहू द्या," बन्सी म्हणाला. "सकाळी घेऊन या भट्टीवर. मग सांगतो."

सकाळी आठला करुणाताई डबा घेऊन गेल्या. भट्टी पेटलेली होती. मटका बाहेर फरशीवर होता, आणि बन्सी त्याच्यासमोर उकिडवा बसला होता.

"रातभर इचार केला, ताई," तो म्हणाला. "दुकान उघडलं की मी पयला सलाम या मटक्याला करतो. देवाचं नाव नंतर घेतो. मला वाटायचं, मी खमीर सांभाळतो. पर तेच मला बांधून ठेवीत व्हतं. मिसरातून निघताना त्या बायांनी जर म्हणलं असतं, मूठभर जुनं संगं घेऊ, मग तिथं जाऊन फुगवू, तर त्या निघाल्या असत्या पर सुटल्या नसत्या. माझ्यासाठी कोकऱ्यानं रक्त दिलं ते काय मी मूठभर मागं ठेवावं म्हणून?"

"उस्तादांना काय वाटेल, याची भीती नाही वाटत?"

"वाटती ना. लई वाटती." त्यानं मटक्यावर हात ठेवला. "पर यानं माझी लेकरं वाढवली. यानं घर बांधलं. त्याला शिव्या देऊन नाय टाकायचं. आभार मानून निरोप द्यायचा."

त्यानं डोळे मिटले. मोठ्यानं प्रार्थना करायची त्याला सवय नव्हती, पण त्या सकाळी केली. पिठासाठी आभार मानले, पाण्यासाठी मानले, आणि मग गफूर उस्तादांसाठी, ज्यांनी परक्या पोराला आपल्या वडिलांची विद्या दिली. आईचं नाव घेतलं तेव्हा त्याचा आवाज फुटला. मग त्यानं मटक्यातलं खमीर भट्टीत ओतलं. करुणाताईंनी डबा उघडून पुढं केला, तर तो म्हणाला, "हे तुमी टाका. तुमी नेलंय."

त्यांनी टाकलं. आधी भट्टीतून भाजल्या नानचा वास आला, अगदी रोजच्यासारखा, भूक लागावी असा. मग जळल्याचा आला. दोघं तो जाईपर्यंत उभे राहिले.

त्या संध्याकाळी वल्हांडण झाला. कडुनिंबाची पानं मिठाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांनी खाल्ली, गुलामीची कडू चव आणि गुलामांचे अश्रू म्हणून. वर खजूर-शेंगदाण्याचं गोड. तीन भाकरींतली मधली काकासाहेबांनी मोडली, अर्धी फडक्यात गुंडाळून लपवली, आणि जेवणानंतर श्रेयानं ती हुडकून आणली. मोडलेला, गुंडाळून ठेवलेला आणि पुन्हा मिळालेला मसीहा. हे सगळं दरवर्षीचंच. पण सुटकेचा प्याला हातात घेतल्यावर काकासाहेबांनी विचारलं, "आज कोण आभार मानणार?" तेव्हा बन्सी पहिल्यांदाच आपणहून उठला. म्हणाला, "मी सुटलो, एवढंच सांगायचंय," आणि बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तो फुलंब्रीला गेला. आवडाबाई अंगणात धान्य पाखडत होती. पिशवी घेतलेला भाऊ बघून तिनं सूपही खाली ठेवलं नाही.

"कसं काय येणं केलं? दुकान जळालं का काय?"

"व्हय, तसंच म्हण."

"किती वेळ हायेस? चहा टाकू का नको?"

"पाच रोज हाय."

आवडाबाईनं सूप खाली ठेवलं. ती पाच रात्री त्याच्याशी आईविषयी बोलत राहिली. काही त्याला माहीत होतं, पुष्कळसं नव्हतं. डोळे मिटायच्या दिवशी आईनं त्याचं नाव काढून काय म्हटलं, तेही तिनं सांगितलं. पोटापाण्याला लागलंय लेकरू, येईल सवडीनं, एवढंच. हे बन्सीनं करुणाताईंना परत आल्यावर सांगितलं, आणि सांगताना तो रडत नव्हता.

उस्तादांच्या बायकोकडे, हलीमाखालांकडे जायचं त्यानं शेवटी ठेवलं होतं. जाताना करुणाताईंना सोबत घेतलं. खाला खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. बन्सीनं उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. खालांचे हात थांबले. त्यांनी लसणाच्या पाकळ्या एका बाजूला सारल्या, सालं दुसऱ्या बाजूला.

"उन्हों तेरे कू दिए थे ना?" शेवटी त्या म्हणाल्या.

"हां खाला."

"तो तेरा था. तू जान, तेरा अल्ला जाने." मग त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "दिल दुखा मेरा, झूट नै बोलती. पर तू आके बोला, छुपाया नै. बैठ." आणि थोड्या वेळानं, "नया कब होता? हफ्ता हो गया रोट्याच खाते. मेरे दात नै बचे रे अब."

नव्या खमिरानं सहाव्या दिवशी जीव धरला. पहिल्या खेपेचे नान चपटे निघाले. गिऱ्हाइकं म्हणाली, "बन्सीभाऊ, नान मागितले, चपला दिल्या." दुसऱ्या आठवड्यात ते बरे झाले. पहिली चांगली खेप निघाली त्या दिवशी बन्सी हळद-गुळाचं पाणी फिरवलेले चार मऊ नान फडक्यात बांधून खालांकडे देऊन आला.

मटका रिकामा केला तो धरून आता तीन वल्हांडण होऊन गेले. दर वर्षी सणाच्या सकाळी भट्टीत खमीर जळतं, आणि सणानंतर सहा दिवस तिथं नुसत्या रोट्या मिळतात. गल्लीला त्याची सवय झाली आहे. बन्सी बासष्ट वर्षांचा आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी तो भट्टी बंद ठेवून फुलंब्रीला आवडाबाईकडे राहायला जातो.